लंब जाड, मध्यगा बारीक

१ जुलै, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. रोज नाही, जमेल तसं. पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोचणीने एकेक ठिपका टोचत जायचं. भावजय म्हणाली, "वन्सं, दिवसभर तेच, घरी आल्यावरही तेच?" म्हटलं, ऑफिसचं काम आहे. घरात ब्रेल कुणालाच येत नाही, त्यामुळे कुलूपकिल्ली नको की लपवाछपवी नको. टेबलावर उघडी पडली तरी ही वही बंदच.

लिहायला कारणही तसंच आहे. आज साहेबांनी भूमितीच्या पुस्तकाला होकार दिला. शाळेच्या शेवटच्या वर्षाची भूमिती, पूर्ण, आकृत्यांसकट. आजवर आमच्या छापखान्याने गणिताचं पुस्तक काढलं की जागोजागी एकच वाक्य असायचं, "आकृती वगळली आहे." एकतीस वर्षं मी ते वाक्य तपासून पास करते आहे. साहेबांना याही वेळी तेच हवं होतं. आकृत्यांना वेळ लागतो, मुलं थोडी, वगैरे. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं. मी तासभर भांडले. आमच्या वेळी आंधळ्या मुलींना भूमिती नव्हतीच. डोळस वर्ग भूमितीला बसला की आम्हाला वेताच्या खुर्च्या विणायला धाडायचे. मी चाळीस खुर्च्या विणल्या असतील, पण त्रिकोणाचे तीन कोन मिळून किती होतात हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

या वर्षी समोरच्या अंधशाळेत नऊ मुलं शेवटच्या वर्षाला आहेत. त्यातल्या एका मुलीला आम्ही शंकासूर म्हणतो. प्रश्न विचारून विचारून शिक्षकांना जेरीला आणते. तिला पुढे गणितच शिकायचं आहे. इथे भूमिती सोडली की ते दार कायमचं बंद. ते दार उघडं ठेवायचं म्हणूनच मी भांडले.

४ जुलै, गुरुवार

आकृत्यांचं ठरलं. आमचा ठोकमास्तर पत्र्यावर ठिपके ठोकतो, त्या पत्र्यावर कागद दाबला की पान तयार. अक्षरं यंत्र ठोकतं, आकृत्या मात्र त्याला हाताने करायला लागतात. त्याच्याकडे दोन दातेरी चाकं आहेत, लाकडी मुठीची. एकाचे दाते जाड, दुसऱ्याचे बारीक. फरक अर्ध्या मोहरीएवढा, पण शिकलेल्या बोटाला तेवढा पुरतो.

खरा घोळ पाचव्या प्रकरणात आहे. त्रिकोणाच्या टोकावरून समोरच्या बाजूवर दोन रेषा येतात. एक सरळ काटकोनात उतरते, तो लंब. दुसरी त्या बाजूच्या बरोबर मध्यावर जाते, ती मध्यगा. डोळ्यांना दोन्ही एका नजरेत दिसतात, बोटाला एकेक करून जायला लागतं, मग कुठली कुठली हे कसं कळणार? मी नियम घालून दिला. लंब जाड, मध्यगा बारीक. सबंध पुस्तकात हेच, आणि पहिल्याच पानावर तसं छापायचं. ठोकमास्तर म्हणाला, झकास. तो कमी बोलतो, त्यामुळे त्याचं झकास मी जपून ठेवते.

१५ जुलै, सोमवार

यंदाचा कागद अगदीच टाकाऊ. ठिपका उठतच नाही, पिठात बोट बुडवल्यासारखं वाटतं. ठोकमास्तरला म्हटलं, यंत्राचा दाब वाढव, तू हल्ली हळू मारतोस. "हो ताई," म्हणाला. दाब वाढवला की नाही देव जाणे, मला फरक जाणवला नाही.

घरी येऊन चहा ओतून घेतला तर भावजय ओरडली. पेल्याबाहेर बोटांवरच ओतत होते म्हणे. दोन बोटांना फोड आलेत. चहा कोमट होता, मी तिला सांगितलं. ती म्हणाली, वाफ निघत होती. बाई फार घाबरट आहे. साखर तपासायला चला म्हणून महिनाभर मागे लागली आहे.

२२ जुलै, सोमवार

रेडिओचं हल्ली काय बिनसलंय कळत नाही. रेडिओ म्हणजे आमचा वाचक. तो डोळसांची छापील प्रत मोठ्याने वाचतो, मी प्रुफावर बोट फिरवत त्याच्याबरोबर जाते, चूक सापडली की टेबलावर टिचकी मारते. आवाज असा की बातम्या ऐकाव्यात. पण हल्ली वाचताना मधेच थांबतो आणि विचारतो, "ताई, इथे परत एकदा बोट लावता का?" लावते, आणि नेमकी तिथेच चूक निघते. आज तीनदा झालं. मी म्हटलं, तुला काय आकाशवाणी होते का रे? हसला नुसता. मला ते आवडलं नाही. तपासणारी मी आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

ठोकमास्तर रजेवर गेला. बायकोचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या शहरात, किती दिवस लागतील सांगता येत नाही. बिचारा रडवेला झाला होता. जाताना माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "पाचवं प्रकरण तेवढं ठेवा, ताई. मी आलो की बघू."

म्हटलं, बघू म्हणजे? तपासायचं मी, तू त्यात काय बघणार? पुस्तक सप्टेंबरात द्यायचं आहे. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, मग निघाला. माझं चुकलं का? त्याच्यावर एवढं संकट आणि मी त्याला कामावरून बोलले. पण एकतीस वर्षांच्या बोटाला कुणी असं म्हणावं?

७ ऑगस्ट, बुधवार

चाकं चालवायला बांधणीखात्यातली बाई दिली आहे. हात स्वच्छ, रेघ सरळ मारते, पण या कामातलं ओ का ठो कळत नाही. दोन्ही चाकं घेऊन आली आणि विचारलं, यातलं जाड कुठलं? दिसायला सारखीच दिसतात म्हणाली. मी दोन्हींचे दाते अंगठ्याने चाचपले. पुन्हा चाचपले. मग एक तिच्या हातात दिलं, हे जाड, लंबाला हे वापर.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पाचवं प्रकरण दोन दिवसांत हातावेगळं केलं. बावीस आकृत्या! रेडिओसुद्धा म्हणाला, फार लवकर झालं, ताई.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. रेषा कुठून कुठे जाते ते बोटाला कळलं. जाड आहे की बारीक, ते मी डोक्याने ठरवलं. लंब कुठे असायला हवा हे मला ठाऊक आहे, तिथे जी रेषा लागली ती जाड असणारच. कागदच इतका भिकार आहे, त्याला कोण काय करणार. डाव्या हाताच्या बोटाने करून पाहिलं, तेही तसंच. म्हणजे दोष कागदाचाच, नाहीतर दोन्ही हात एकदम कसे बिघडतील?

१९ ऑगस्ट, सोमवार

पुस्तक बांधणीला जाण्याआधी शाळेतलं एक मूल येऊन पानांवर बोट फिरवून जातं, ही आमची जुनी रीत. आज शंकासूर आली. चार प्रकरणं तिने झरझर वाचली. मधे मधे हसत होती. आकृतीच्या कडेने बोट फिरवायची आणि परत सुरुवातीपासून फिरवायची, नुसती मजा म्हणून. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पाचव्यात अडकली. "ताई, ही जाड रेषा मध्यावर जाते. हिला लंब कसं म्हणायचं?"

म्हटलं, नीट बघ. तिने पाहिलं आणि तेच म्हणाली. दुसरी आकृती काढली, तिथेही तेच. माझं डोकं फिरलं. तीन वेळा तपासलेलं पान आहे. मी तिला म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं. पुस्तकाला नावं ठेवण्याआधी स्वतःच्या बोटाला वळण लाव." रेडिओ तिथेच बसला होता, तो नुसता खाकरला. उरलेली पानं तिने हात न उचलता वाचून काढली आणि सगळं बरोबर आहे असं सांगून गेली.

ती गेल्यावर मी ते पान घेतलं. बराच वेळ बोट फिरवलं. दोन्ही रेषा मला सारख्याच लागल्या. पानं बांधणीकडे न्यायला बाई दारात उभी होती. मी पान खाली ठेवलं आणि न्या म्हटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पुस्तक शाळेत पोचलं. दोन जाडजूड खंड. मुख्याध्यापकांनी छोटा समारंभ केला, माझ्या गळ्यात हार घातला. त्यांनी मुलांना सांगितलं की या ताईंच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात आजवर एक चूक निघालेली नाही, तेव्हा आकृती जुळली नाही तर समजायचं की आपलं चुकतंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले, आणि हार लवकर काढून ठेवला. का कोण जाणे, नको वाटत होता.

ठोकमास्तरचा फोन आला होता, रेडिओने घेतला. बायकोची जखम चिघळली आहे, अजून महिना तरी येणार नाही. पाचव्या प्रकरणाचं काय झालं, हे त्याने विचारलं म्हणे. मेल्या, तिकडे बायको आजारी आणि तुला प्रकरणाची पडली आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

शाळेतले गणिताचे सर भेटले. ते डोळस आहेत, ब्रेल त्यांना जेमतेम येतं. पाचवं प्रकरण मुलांना जड जातंय म्हणाले. आठ जणांनी व्याख्या पाठ करून टाकल्या, म्हणजे प्रश्नच मिटला. शंकासूर मात्र पाठ करत नाही, प्रत्येक आकृती मोजत बसते आणि सांगते की जुळत नाही. सरांनी तिला सांगितलं, पुस्तक बरोबर आहे, तू पुन्हा मोज. गेल्या आठवड्यापासून तिने प्रश्न विचारणं बंद केलंय. वर्गात शांतता झाली, असं सर हसून म्हणाले. मीही म्हटलं, चला, सुधारली पोर.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बाजारातून येताना डाव्या पायातली चप्पल कुठे पडली ते कळलंच नाही. घरी आले तेव्हा तळव्यात काच घुसलेली आणि फरशीभर रक्ताचे ठसे. भावजयीने फरशी पुसली, मग माझा दंड धरून थेट दवाखान्यात. एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मी घाबरते.

डॉक्टरने आधी तळवा शिवला. मग बोटांच्या टोकांना सुई लावून विचारायला लागला, टोचतंय का? मी हो म्हणत गेले. तो एका तालात टोचत होता, एक दोन, एक दोन, मग हो म्हणायला काय कठीण. आठ-दहा वेळा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, शेवटच्या पाच वेळा मी टोचलंच नाही."

साखर पाच-सहा वर्षांपासून असणार म्हणाला. पायांच्या आणि बोटांच्या नसा टोकाकडून मरत येतात, गेल्या त्या परत येत नाहीत. काम काय करता विचारलं. भावजय सांगणार तेवढ्यात मी म्हटलं, छापखान्यात नोकरी. कोवळा पोरगा आहे, आवाजावरून तीसही नसेल. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हवं. ऑफिसात ताप आला असं कळवलं आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मागची पानं वाचायला घेतली. जुलैतलं काहीच बोटाला लागत नाही. ठिपके चेपले असणार, वहीवर भावजयीने काहीतरी ठेवलं असेल. विचारलं तर म्हणाली, हातही लावला नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

शंकासूरने भूमिती सोडली. परीक्षेच्या अर्जावर आंधळ्या मुलांना भूमितीऐवजी गायन घेता येतं, तिने ते भरलं. अर्जाची मुदत ऑक्टोबरअखेर होती, म्हणजे हे होऊन आठवडा झाला आणि मला आज कळतंय. सर म्हणाले, तिने स्वतःच मागून घेतलं, मला जमत नाही म्हणाली.

गायन! तिचा आवाज फुटक्या मडक्यासारखा आहे, प्रार्थनेतसुद्धा शेजारची मुलं तिला कोपर मारतात. मी इतकी चिडले की जेवले नाही. मी साहेबांशी भांडले ते कुणासाठी? बावीस आकृत्या कुणासाठी पास केल्या? आमच्या पिढीला मिळालं नाही म्हणून आम्ही जन्मभर रडलो, हिच्या हातात आयतं आणून दिलं तर ही हात टेकून मोकळी. भावजयीपाशी तणतणले. तिने विचारलं, "तिला का जमत नाही, ते विचारलंत का?" तुला नाही कळायचं त्यातलं, म्हटलं तिला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ठोकमास्तर आज परत आला. बायको आता बरी आहे. चहा होईपर्यंत त्याने भूमितीचं पुस्तक काढलं. पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग थांबला. त्याने रेडिओला बोलावलं. दोघं कुजबुजले. मला ऐकू येत नाही असं डोळस माणसांना का वाटतं?

मी विचारलं, काय झालं. तो माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, पाचव्यात चाकं उलटी लागलीत. लंब बारीक आहे, मध्यगा जाड आहे. बावीसच्या बावीस."

मी बांधणीवाल्या बाईला हाक मारली आणि सगळ्यांदेखत तिच्यावर तोंड सोडलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, हे जाड म्हणून तुम्हीच हात लावून दिलं होतंत. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा, आणा ती चाकं. ठोकमास्तरने दोन चाकं माझ्या दोन हातांत ठेवली. मी दोन्ही तळहातावरून फिरवली. अंगठ्याखालून फिरवली. कुठलं जाड ते मला सांगता आलं नाही.

मग रेडिओ बोलला. बातम्यांचा आवाज नव्हता त्याचा. "वर्ष झालं, ताई. तुम्ही पान पास केलंत की हा मागे थांबून डोळ्यांनी परत बघायचा. कुठे सुटलंय ते मला सांगायचा, आणि मी तिथे तुम्हाला परत बोट लावायला सांगायचो. आकृत्यांतलं मला कळत नाही, ते हाच बघायचा. हा नव्हता, म्हणून..."

म्हणजे वर्षभर पुस्तकं ते दोघं तपासत होते आणि मी नुसतं बोट फिरवत होते. मी त्यांना म्हटलं, मला सांगितलं का नाहीत? ठोकमास्तर म्हणाला, कसं सांगायचं? मला त्याचा राग यायला हवा होता, पण लाज वाटली, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

घरी येताना रस्ता ओलांडायला उभी राहिले तेव्हा ध्यानात आलं. शंकासूरने त्या दिवशी बरोबरच सांगितलं होतं. एका वाक्यात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस लिहिता आलं नाही. आज साहेबांकडे गेले. म्हटलं, परीक्षा कार्यालयाला पत्र द्या की पुस्तक चुकीचं होतं, त्यामुळे एका मुलीने विषय सोडला, तिचा अर्ज बदलून घ्या. साहेब गोड बोलले. माझ्या तब्येतीची चौकशी केली. पुस्तकासाठी शुद्धिपत्रक काढू म्हणाले, एक पान, प्रत्येक खंडाच्या शेवटी चिकटवायचं. पण छापखान्याच्या नावाने पत्र नाही. एकदा असं लिहून दिलं तर उद्या प्रत्येक पुस्तकावर बोट ठेवतील. ठेवू देत की, म्हटलं. आम्ही तेवढ्यासाठीच छापतो. ते हसले. मला विनोद करायचा नव्हता.

२ डिसेंबर, सोमवार

पत्र मीच लिहिलं. पाटीवर, माझ्या नावाने. भावजयीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी बरोबर येते. तिने कामावरून सुट्टी घेतली.

कार्यालयात दोन तास बसलो. कारकुनाने कागद हातात घेतला आणि म्हणाला, या ठिपक्यांचं आम्ही काय करू? मग मी तोंडाने सांगितलं. पूर्ण सांगितलं, माझ्या बोटांसकट, मागच्या रांगेतली माणसं ऐकत असताना. त्याने ऐकून घेतलं, वाईट माणूस नव्हता. पण मुदत संपली म्हणजे संपली, छापखान्याचं पत्र असतं तर वरच्यांकडे पाठवता तरी आलं असतं. आता फार तर तिने पुढच्या वर्षी वेगळा अर्ज करून एकटा विषय द्यावा. त्याने कागद परत दिला. देताना घडी घातली होती. मी घडी उलगडून कागद मांडीवर सपाट केला, पण मधले ठिपके चेपले असतील.

परतताना भावजयीने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. ती विचारत होती, आता काय करणार? म्हटलं, कागद जिचा आहे तिला देणार.

५ डिसेंबर, गुरुवार

आज मधल्या सुट्टीत शाळेत गेले. शंकासूर वर्गात एकटीच बसली होती, कानात पुस्तकं ऐकायचं यंत्र घालून. तिच्या बाकावर बसले आणि कागद तिच्या हाताखाली सरकवला. तोंडाने सांगायचं धैर्य कार्यालयात झालं होतं, तिच्यापुढे झालं नाही.

ती म्हणाली, मी हल्ली बोटांनी वाचत नाही, ऐकतेच. दोन महिने झाले. म्हटलं, एवढंच वाच.

तिने मोठ्याने वाचायला घेतलं. आधी अडखळली, मग बोट चालायला लागलं. घडी पडली होती तिथेही थांबली नाही. "पाचव्या प्रकरणातल्या बावीस आकृत्यांमध्ये लंब आणि मध्यगा यांच्या रेषा उलट छापल्या गेल्या आहेत. ही चूक वाचणाऱ्या विद्यार्थिनीची नाही, तिने ती पहिल्याच दिवशी ओळखली होती. तपासणारीच्या बोटांना जाड आणि बारीक यातला फरक कळत नाही, आणि ऑगस्ट महिन्यापासून तिला हे माहीत होतं."

शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं, या वेळी मनात. बोटाची सळसळ तेवढी ऐकू आली.

"ऑगस्टपासून म्हणजे मी आले होते तेव्हा?"

"हो."

"तुम्ही त्या दिवशी ते पान परत पाहिलं होतंत?"

"तू गेल्यावर पाहिलं. मला दोन्ही रेषा सारख्याच लागल्या. तरी मी पुस्तक पुढे पाठवलं."

बाहेर मुलं जिना उतरत होती. मग ती अगदी साध्या आवाजात, काल काय जेवले ते सांगावं तसं, म्हणाली, "मी रोज सकाळी बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवत होते. वसतिगृहातल्या मावशी पाणी तापवून द्यायच्या. मला वाटलं, माझी बोटं मेली."

रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. मीच बोलत सुटले, पुढच्या वर्षी एकटा विषय देता येतो, मी अर्ज भरून देते, प्रकरण नव्याने ठोकून घेते, रोज येऊन बसते. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, परीक्षा झाली की घरी जायचंय, वडिलांनी सांगितलंय. पुढे शिकायचं काही कारण राहिलं नाही, असं तिनेच त्यांना नोव्हेंबरात कळवलं होतं. आता परत काय सांगायचं?

तेवढ्यात घंटा झाली. तिने कागद गुंडाळून दप्तरात ठेवला, माझ्या हाताला चुकून लागलेली तिची काठी बाजूला घेतली आणि म्हणाली, "येते, ताई. गाण्याचा तास आहे."

मी शंकासूरच्या आणखी एका प्रश्नाची वाट पाहत होते. तिने काही विचारलं नाही.

गाण्याचा वर्ग शेजारीच आहे. मी भिंतीला धरून बाहेरच्या बाकापर्यंत गेले. बाईंनी सूर दिला, मुलं गायला लागली. पंधरा-वीस आवाजांत तिचा लगेच ओळखू आला, सगळ्यांच्या खाली, फाटलेला. बाईंनी तिला एकटीला परत म्हणायला लावलं. ती म्हणाली. चुकलं. बाईंनी परत म्हणायला लावलं. शिपाई येऊन विचारून गेला, तुम्हाला कुणी न्यायला येणार आहे का? म्हटलं, नाही, बसते थोडी. तास संपेपर्यंत ती तेवढी एक ओळ म्हणत होती.